बिनतळाचा टार्प: तीन वर्षं, ४३ रात्री आणि थोडं शिवणकाम

हा टार्प, म्हणजे तंबूऐवजी छप्पर म्हणून ताणून लावायचं कापड, माझ्याकडे तीन वर्षं आहे. डायरीत मोजलं तर त्याच्याखाली ४३ रात्री काढल्यात. त्यातल्या ११ रात्री पावसाच्या, आणि दोन अशा की वाऱ्यामुळे डोळ्याला डोळा लागला नाही. घेतल्याच्या आठवड्यातच परीक्षण लिहिलं असतं, तर कापड मऊ आहे आणि शिवण सरळ आहे, एवढंच सांगता आलं असतं. आता सांगायचंय ते वेगळं आहे. दुकानातून आला तेव्हा हा टार्प अर्धाच होता. उरलेला अर्धा मी शिवला. तो असा शिवता येण्यासारखा निघाला, म्हणूनच मी त्याच्यावर खूश आहे.

आधी वस्तू काय आहे ते सांगते. आयताकृती पिरॅमिड. जुन्या राहुटीला मधोमध खांब आणि चारी बाजूंनी उतरतं कापड असायचं, तसाच घाट. जमिनीवर २७५ बाय १६५ सेंटिमीटर, मध्ये उंची १३५. खांब म्हणून आपली ट्रेकिंगची काठी. तळ नाही, आत जाळीचं अस्तर नाही, एका लांब बाजूला चेनचं दार. कापड २० डेनियरचं (डेनियर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप) पॉलिएस्टर, दोन्ही बाजूंनी सिलिकॉन चढवलेलं. कंपनीच्या माहितीपत्रकात वजन ५१० ग्रॅम, माझ्या काट्यावर ५३६ भरलं. कंपनीचं नाव देत नाही, कारण मी जे लिहितेय ते या घाटाच्या कुठल्याही टार्पला लागू पडतं, आणि असे टार्प बरेच जण बनवतात.

त्याआधी मी आणि दादा २.४ किलोचा दुहेरी भिंतींचा तंबू वाटून वाहायचो. त्याच्याकडे कापड, माझ्याकडे दांड्या आणि खुंट्या. मी एकटीने फिरायला लागले तेव्हा तो सगळा माझ्याच पाठीवर आला, आणि तिसऱ्या दिवशी उतारावर गुडघा बोलायला लागला. ओझं कमी करायचं ठरवलं की सगळ्यात आधी नजर तंबूवरच जाते, कारण सॅकमधली सर्वांत जड एकेरी वस्तू बहुतेक वेळा तीच असते. त्या तंबूचं वजन कुठे आहे, हे मी एका संध्याकाळी एकेक भाग काट्यावर ठेवून पाहिलं. दांड्या, तळ आणि आतली जाळी मिळून निम्म्याहून जास्त. पाऊस अडवणारं कापड त्या मानाने अगदी थोडं.

म्हणजे छप्पर ठेवायचं आणि बाकीचं सोडायचं. यात नवीन काहीच नाही. १९५५ साली वयाच्या ६७ व्या वर्षी एमा गेटवूड या बाईंनी अमेरिकेतली तीन हजार किलोमीटरहून लांब असलेली अ‍ॅपलाचियन वाट एका मोसमात एकट्याने चालून पूर्ण केली. तंबू नव्हता त्यांच्याकडे. आडोशाला न्हाणीघरात लावतात तो प्लास्टिकचा पडदा होता. पुढे १९९० च्या दशकात अमेरिकन गिर्यारोहक रे जार्डिन यांनी लांब पल्ल्याच्या चालणाऱ्यांना टार्प स्वतः शिवून वापरा असं पटवून द्यायला सुरुवात केली. मला धीर या दोघांच्या उदाहरणांनी आला. पण टार्प कुठला घ्यायचा ते मला स्वतःच्या चुकीनेच कळलं.

पहिला टार्प मी सपाट घेतला होता. २.४ बाय ३ मीटरचा, नायलॉनचा, ३९० ग्रॅम. सपाट टार्पचं कौतुक मी आजही करते. दोन झाडांमध्ये दोरी ताणून त्यावर टाका, एक बाजू जमिनीला लावून दुसरी उघडी ठेवा, हवा तसा तो वाकतो. पण कापडाने मला पहिल्याच पावसात जागं केलं. संध्याकाळी डफासारखा ताणून लावलेला टार्प रात्री दोन वाजता पोटात झोळ घेऊन माझ्या पायांवर टेकला होता. स्लीपिंग बॅगचं टोक ओलं. बाहेर जाऊन सगळ्या दोऱ्या पुन्हा ताणल्या, आणि दोन तासांनी पुन्हा तेच.

तेव्हा वाटलं, आपल्या गाठी सुटतायत. गाठी जागच्या जागी होत्या. नायलॉनच पाणी पितं. ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेतही ते आपल्या वजनाच्या साधारण ४ टक्के ओल धरून ठेवतं. त्याच हवेत पॉलिएस्टर धरतं जेमतेम ०.४ टक्के. ओल धरली की नायलॉनचे तंतू लांबतात, आणि सिलिकॉनचा थर चढवला तरी ते पूर्ण थांबत नाही. नायलॉनच्या बाजूने बोलायचं तर तेवढ्याच जाडीचं नायलॉन फाटायला पॉलिएस्टरपेक्षा चिवट असतं आणि धक्का सोसतं. पण मी झोपेत दोऱ्या ताणायला उठणारी आहे, काट्याकुट्यात टार्प ओढणारी नाही. माझ्यासाठी निवड तिथेच झाली.

तिसरा पर्याय डायनिमा कंपोझिटचा. आधी याला क्युबेन फायबर म्हणत. शर्यतीच्या होड्यांच्या शिडांसाठी निघालेलं कापड, पॉलिएथिलीनचे अतिशय मजबूत धागे दोन पातळ फिल्ममध्ये दाबून बसवलेले. ते पाणी पीत नाही, झोळ घेत नाही, आणि वजन जवळजवळ निम्मं. एका सहलीत सोबतच्या मुलीकडे तो टार्प होता. मी हात लावून पाहिला, कागदासारखा वाजत होता. मोह झाला हे खरं. पण त्याच्या शिवणी बहुतेक चिकटपट्टीने जोडतात, कारण सुईचं प्रत्येक भोक तिथेच राहतं आणि ताण आला की मोठं होतं. मला तर सुई चालवायची होती. किमतीचा विचार त्यानंतर आला.

घाटाबद्दलही थोडं सांगायला हवं. सपाट टार्प उघड्या पठारावर नीट उभा करायला अनुभव लागतो. वारा फिरला की उघडी बाजू चुकीच्या दिशेला येते. पिरॅमिडला चारी दिशा सारख्या. कोपरे चार, खुंट्या चार, काठी आत घालून उचलली की छप्पर उभं. अंधारात, गार बोटांनी, मी तो सहा मिनिटांत लावलाय. त्याची किंमत म्हणजे उतरत्या भिंती, आणि ती किंमत किती हे दुकानातल्या फोटोत दिसत नाही. कागदावर काढून पाहा. काठी मध्ये, म्हणजे झोपायला तिच्या एका बाजूला ८२ सेंटिमीटर रुंदी. त्या पट्ट्याच्या मधोमध झोपलं तर पोटावर ६७ सेंटिमीटर उंची मिळते. डोकं आखूड बाजूच्या काठापासून ३७ सेंटिमीटर आत असेल तर डोक्यावर मिळते फक्त ३६. आणि हे भिंत एकदम सरळ ताणलेली धरून. थोडा झोळ, थोडा वारा, की कापड नाकाला लागलंच. ‘दोन जणांसाठी’ असं पिशवीवर लिहिलंय. दादा आणि मी एकदा झोपलो, मध्ये काठी. पुन्हा तो विषय आम्ही काढला नाही. हा एका माणसाचा आणि त्याच्या सॅकचा आडोसा आहे, आणि तसा तो ऐसपैस आहे.

आल्याबरोबर पहिलं काम शिवणींना सिलिकॉन लावण्याचं. दोन्ही बाजूंनी सिलिकॉन असलेल्या कापडावर कारखान्यात पट्टी चिकटत नाही, त्यामुळे शिवणीची भोकं उघडीच येतात. ज्या टार्पला आतून पॉलियुरेथेनचा थर असतो त्याच्या शिवणी पट्टी लावून बंद करून येतात. ती सोय आहे, पण तो थर वर्षानुवर्षांच्या ओलीने चिकट होऊन सुटायला लागतो आणि त्याला एक आंबूस वास येतो. मी काम करून टिकाऊ थर मिळवणं पसंत केलं. सिलिकॉनवर फक्त सिलिकॉनच बसतं, दुसरं कुठलंही सीलर सालीसारखं निघून येतं, हे लक्षात ठेवा. पारदर्शक सिलिकॉनची नळी घेतली, मिनरल स्पिरिटमध्ये (रंग पातळ करायच्या द्रावणात) ढवळून रंगासारखं पातळ केलं, टार्प अंगणात ताणून उभा केला आणि बाहेरून सगळ्या शिवणींवर जुन्या ब्रशने ओढलं. व्हिनेगरसारखा वास येतो, मोकळ्या हवेतच करा. ताणून लावणं महत्त्वाचं, कारण ताणाखाली भोकं उघडतात आणि सिलिकॉन आत शिरतं. दुसऱ्या दिवशी टाल्कम पावडरचा हात फिरवला, नाहीतर घडीत शिवण शिवणीला चिकटते. वजन ३१ ग्रॅमने वाढलं. शेंड्याची शिवण मी घाईत एकदाच ओढली होती. पहिल्या मोठ्या पावसात नेमका तिथूनच एक थेंब काठीवरून खाली येत राहिला. शेंड्याला दोन हात द्या.

आता मागची भिंत. या टार्पचा खरा दोष तोच होता, आणि तो दुरुस्त करण्यात मला सर्वांत जास्त आनंद मिळाला.

दाराच्या समोरची लांब भिंत म्हणजे पावणेतीन मीटरचं एकसलग कापड. काठाला तीन खुंट्या, वर शेंडा, मधल्या एवढ्या मोठ्या त्रिकोणाला धरायला काही नाही. माझ्या आठव्या रात्री वारा त्या बाजूने फिरला. कापड फुगायचं, मग धप्पकन आत यायचं, माझ्या खांद्यावर, पुन्हा बाहेर. प्रत्येक वेळी आतलं दव माझ्यावर झडायचं, बारीक पावसासारखं. भिंत फाटणार नव्हती, पण झोप गेली ती गेलीच. पहाटे मी आतून सॅक त्या भिंतीला लावून पाठ टेकून बसले आणि हाताने कापड कुठे दाबलं की ते शांत होतं ते शोधलं. जमिनीपासून साधारण ५५ सेंटिमीटरवर, शेंड्यापासून सरळ खाली येणाऱ्या रेषेच्या दोन्ही अंगांना एकेक बिंदू होता. तिथे बोट टेकवलं की धपधप थांबायची. पेनने आतून दोन ठिपके काढून ठेवले.

घरी आल्यावर त्या ठिपक्यांवर बाहेरून ओढण्यासाठी फास बसवले. भिंतीच्या मधोमध सुई घालायची नाही, हे पहिल्यापासून ठरलेलं होतं. तिथे छिद्र म्हणजे झोपेत थेंब. म्हणून टार्पसोबत मिळालेल्या त्याच कापडाच्या तुकड्यातून नऊ सेंटिमीटर व्यासाच्या दोन गोल चकत्या कापल्या. गोलच, कारण चौकोनी ठिगळ नेहमी कोपऱ्यातून सुटायला लागतं. प्रत्येक चकतीच्या मध्यावर बोटभर रुंद ग्रोग्रेन (आडव्या रेघांच्या मजबूत) फितीचा फास आधीच शिवून टाकला, चौकोन आणि त्यात फुली असे टाके, पॉलिएस्टरचा धागा, ७० नंबरची सुई. सिलिकॉनचं कापड मशीनच्या पायाखालून सारखं निसटतं. आईने पातळ कागदाची पट्टी खाली घालून शिवायला सांगितलं. शिवून झाल्यावर कागद ओढून काढला, एकही टाका चुकला नाही. मग चकती आणि भिंत दोन्ही स्पिरिटने पुसून, न पातळ केलेल्या सिलिकॉनचा कागदाइतका पातळ थर पसरून, मधून बाहेरच्या दिशेने हवा काढत दाबली. वर पाटी, पाटीवर जड पुस्तकं, पूर्ण २४ तास. जाड थर देऊ नका. जाड थर आतून ओलाच राहतो आणि ओढल्यावर घसरतो. मी पहिली चकती अशीच वाया घालवली.

आणि दोरी कशी लावायची त्यावर सगळं अवलंबून आहे. फासातून दोरी सरळ खाली जमिनीला नेली तर ती भिंतीला खालीच खेचते, आत यायला मदतच करते. दोरी आधी भिंतीपासून काटकोनात बाहेर निघायला हवी. म्हणून ती फासापासून मीटरभर लांब एका काठीच्या टोकावरून नेते, गुंडाळीच्या गाठीने तिथे अडकवते आणि मग खाली खुंटीला. काठी नसेल तर झुडपाची फांदी, मोठा दगड, काहीही चालतं. दोन्ही फास ओढले की भिंत वीतभर बाहेर सरकते. माझ्या डोक्यावरची ती ३६ सेंटिमीटरची उंची वाढत नाही, पण खांद्याजवळ जागा होते आणि कापड आत येत नाही. दोन्ही चकत्यांचं मिळून वजन ९ ग्रॅम. नंतर वाऱ्याच्या दुसऱ्या रात्री टार्पने आवाज भरपूर केला, अंगावर आला नाही. ३० हून जास्त रात्री झाल्यात, चकत्यांची कड अजून उचललेली नाही. या दोन चकत्या कंपनीने बसवून दिल्या असत्या तर मी या टार्पला काही बोललेच नसते.

शेंड्यावर कंपनीने आत फक्त एकच जादा थर दिला होता. मी काठीची मूठ वर आणि टोक जमिनीत असं लावते, म्हणजे शेंड्यात अणकुचीदार काही जात नाही. तरी वर्षभरात तिथे कापड घासून पांढुरकं झालं. एका जुन्या सॅकच्या जाड नायलॉनची टोपी शिवून आत बसवली आणि बाहेरून सिलिकॉन लावलं. मऊ जमिनीत टोक रुतून छप्पर खाली बसतं, तेव्हा टोकाखाली चपटा दगड.

कोपऱ्यांवर आखूड फिती होत्या, थेट खुंटीत घालायच्या. दगडाळ जमिनीवर खुंटी हवी तिथे कधीच जात नाही. तिथे दोन मिलिमीटरची, आत डायनिमाचा गाभा असलेली दोरी लावली, कोपऱ्याला ८० सेंटिमीटर, मध्ये ५०, एकूण ४८ ग्रॅम. टार्पच्या बाजूला बोलाइन, म्हणजे न सरकणाऱ्या फासाची गाठ, खुंटीच्या बाजूला सरकती ताणगाठ. लांब दोरी असली की खुंटीच लागत नाही. काठीला दोरी बांधा, काठीवर लहान दगड, त्याच्यापुढे मोठा, काठी दगडाला अडते आणि ओढ जितकी जास्त तितकी घट्ट बसते. वाळूत किंवा बर्फात काठी आडवी पुरून वर पाय देऊन दाबायची. वाऱ्याकडच्या कोपऱ्यांना १६ सेंटिमीटरच्या वाय आकाराच्या अ‍ॅल्युमिनियमच्या खुंट्या, बाकीच्या ठिकाणी टायटॅनियमचे आकडे. कोपऱ्यांना इलास्टिकची दोरी लावण्याचा सल्ला बरेच जण देतात. मी लावली आणि काढली. झोताबरोबर ती लांबते, टार्प उचलला जातो, आणि आपटला की खुंटी सैल होते. पॉलिएस्टरला तिची गरजही नाही.

यानंतर तळाचा प्रश्न. तळ नाही म्हणजे पाणी आत येईल, ही भीती मला सगळ्यांनी घातली होती. पाणी एकदाच आलं, आणि त्यात टार्पचा दोष नव्हता.

खिंडीखाली झाडांच्या कडेला एक सुरेख सपाट जागा होती. गवत नाही, दगड नाही, आधी बऱ्याच जणांनी तिथे तंबू लावलेला दिसत होता. दादा सोबत होता, त्याचा स्वतःचा टार्प घेऊन. त्याने ती जागा पायाने दाबून पाहिली आणि दहा पावलं वर, पालापाचोळ्याच्या किंचित फुगीर जागेवर गेला. “इथे ये, तिथे पाणी साचेल,” म्हणाला. मी म्हटलं, “दादा, तिथे मुळं टोचतील रे, आणि आकाशही निवळलंय.” रात्री एकला पाऊस सुरू झाला. अर्ध्या तासाने हात खाली टेकला तर चटईखालची शीट हलली, पाण्यावर चादर हलते तशी. टॉर्च लावला. काठाखालून पाणी येत नव्हतं, सगळीकडून एकदमच वर येत होतं. शेकडो पावलांनी आणि तंबूंनी दाबलेली ती माती पाणी आत घेतच नव्हती, आणि मधला भाग दोन बोटं खोलगट होता. म्हणजे मी एका ताटात झोपले होते. सामान उचलून दादाच्या टार्पखाली गेले. तो न बोलता एका कडेला सरकला. त्याच्या खालचा पाला वरून ओला होता, आणि बोट खुपसलं तर आत कोरडा.

तेव्हापासून जागा पाहणं हे मी टार्प लावण्याचंच पहिलं काम मानते. टाचेने जमीन दाबते. टाच रुतली तर पाणी मुरेल. बाटलीतलं थोडं पाणी ओतून ते कुठे पळतं ते पाहते. वरच्या अंगाला उतारावर पाण्याच्या जुन्या रेघा, वाहून आलेल्या काडीकचऱ्याच्या ओळी दिसतात का ते बघते. भोवती चर खणत नाही. त्याने जमिनीची नासाडी होते आणि बरोबर जागेवर त्याची गरजही लागत नाही. डोक्यावर वाळलेली फांदी नको. ओढ्यापासून ६० मीटर तरी लांब. आणि दरीच्या अगदी तळाशी नको, कारण गार हवा रात्री पाण्यासारखी खाली उतरून तिथे साचते. तिथे जास्त थंडी आणि जास्त दव. थोडं चढून वर, झाडांच्या पानांखाली लावला तर सकाळी कापड कितीतरी कोरडं मिळतं.

बिनतळाचा एक फायदा मला या ४३ रात्रींत मनापासून पटलाय. चिखलाचे बूट घालून आत येता येतं. ओली सॅक, ओली दोरी, ओला रेनकोट दाराच्या अर्ध्या भागात टाकायचा, पाणी जमिनीत जातं, आणि मी पलीकडे कोरड्या शीटवर. तंबूत हेच पाणी तळावर फिरत राहायचं. शीट म्हणून टायवेकचा (कागदासारख्या, पाणी अडवणाऱ्या कापडाचा) २१० बाय ८० चा तुकडा वापरते, १०५ ग्रॅम. जमिनीवर पसरायच्या कापडाला छपरापेक्षा जास्त पाणरोधकता लागते, कारण गुडघा किंवा कोपर टेकला की दाब एका बिंदूवर येतो. छपराला १५०० ते २००० मिलिमीटरचा आकडा (कापड किती उंच पाण्याचा दाब अडवतं तो) पुरे. शीट टार्पच्या काठापासून २५ सेंटिमीटर तरी आत ठेवा. जोराच्या पावसात काठावरून पागोळ्या पडतात आणि त्यांची शिंतोडी आत उडते.

काठाच्या जाळीबद्दल मात्र माझं मत बदललंय. दुसऱ्या वर्षी पूर्ण घेराला, म्हणजे ८.८ मीटर, २० सेंटिमीटर रुंद बारीक जाळीची झालर शिवली. दोन संध्याकाळी गेल्या, ४६ ग्रॅम वाढले. काठ उंच ठेवूनही चिलटं आणि डास बरेच अडले, हवा खेळती राहिली. पण मुंग्या आणि गोचिडी जमिनीवरून चालत येतात, त्यांना झालरीखालून वाट असतेच. वर जाळी चिखलात लोळते आणि घडी करताना कापडाला चिकटते. आज पुन्हा घेतला तर झालर शिवणार नाही. किड्यांच्या दिवसांत शेंड्याला टांगायची, स्वतःचा तळ असलेली जाळीची छोटी मच्छरदाणी घेईन, आणि बाकीच्या दिवसांत ती घरी ठेवीन. शिवलीच आहे म्हणून ती काढत नाही, एवढंच.

एकेरी भिंत म्हटल्यावर आत दव धरणारच. रात्रभरात आपल्याच श्वासातून पेलाभर पाणी बाहेर पडतं, ते गार कापडावर बसतं. काठ जमिनीपासून दहा सेंटिमीटर वर आणि दाराची वरची चेन थोडी उघडी ठेवली की निम्मा त्रास जातो. उरलेल्यासाठी एक छोटा फडका जवळ ठेवते आणि उठल्याबरोबर, कापडाला धक्का लागायच्या आत, भिंत पुसून घेते. आणि हे नीट वाचा: दार बंद करून आत स्टोव्ह पेटवू नका. तळ नाही म्हणून हवा पुरेल असं वाटतं, पण काठ जमिनीला टेकवलेला असेल तर कार्बन मोनॉक्साइड आत साठायला वेळ लागत नाही. हे कापडही ठिणगीने क्षणात वितळतं.

मधली काठी अडचण करते अशी तक्रार असेल, तर दोन काठ्या उलट्या व्हीसारख्या लावता येतात. पाय ६० सेंटिमीटरवर फाकवले तर प्रत्येक काठी १३८ सेंटिमीटर हवी. माझी १३५ ला संपते. अ‍ॅल्युमिनियमच्या नळीचा तुकडा खालून जोडून मी ते केलं, आत एकदम खोलीसारखं मोकळं वाटलं. वाऱ्यात मात्र मी एकाच काठीवर परत येते.

सगळं धरून आज वजन असं: शिवणकामासह टार्प ६७०, आठ खुंट्या ८८, शीट १०५. एकूण ८६३ ग्रॅम. त्या जुन्या तंबूपेक्षा दीड किलो कमी, आणि गुडघा आता तिसऱ्या दिवशीही गप्प असतो. ज्याला रात्री जागा शोधायचा कंटाळा आहे, किंवा झाडं-आडोसा नसलेल्या उघड्या डोंगरधारेवरच मुक्काम करायचा आहे, त्याने तळाचा तंबू घ्यावा, हे मी मनापासून सांगते. ज्याला शिवणयंत्राची भीती नाही त्याने असा टार्प घ्यावा. घेताना चार गोष्टी पाहा: कापड पॉलिएस्टरचं आहे का, थर दोन्ही बाजूंनी सिलिकॉनचा आहे का, शेंड्यावर जाड थर आहे का, आणि सोबत त्याच कापडाचा तुकडा देतात का. तो तुकडा नाही मिळाला तर मागून घ्या.

चेनचं काम अजून बाकी आहे. कंपनीने ३ नंबरची बारीक चेन लावलीय, आणि जमिनीला लागणाऱ्या दारात माती जाऊन तिचा सरक झिजलाय. आता खालच्या एक फुटात दात बंद होऊन पुन्हा उघडतात. पकडीने सरक थोडा दाबला की महिनाभर चालतो. ५ नंबरची चेन आणून ठेवलीय, जुनी उसवायला घेतलीय, आणि दार मशीनखाली नीट बसावं म्हणून आई मला कडेची शिवण आधी हाताने घालून देतेय.